डोळ्यांनी पाहिलेला खून

खून कोणी केला हे एकदा कळल्यावर माणूस तोच रहस्यपट दुसऱ्यांदा का पाहतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. शब्दकोडे सुटले की कागद रद्दीत जातो. शाळकरी वयात उशाखाली लपवून वाचलेल्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी, त्या झुंझारने आणि काळापहाडने, आमच्या कितीतरी रात्री जागवल्या. पण त्यांतली एखादी पुन्हा काढून वाचावी असे कधी वाटले नाही. (या कथा स्वस्त कागदावर छापलेल्या असत, म्हणून त्यांना नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या चांदनीच्या शेजारी नेपानगरला देशातला पहिला न्यूजप्रिंटचा कारखाना १९५५ साली सुरू झाला. जंगलातली सलई आणि बांबू त्यात जाई. स्वस्त कागदाची आम्हांला लाज वाटण्याचे कारण नाही.) असे असताना बी. आर. चोप्रा यांचा 'कानून' हा १९६० सालचा चित्रपट मी दहा-बारा वेळा तरी पाहिला आहे. खुनी कोण, हे पहिल्याच वेळी कळले होते. तरी पुढच्या खेपेला छातीत तीच धडधड होते.

पहिल्यांदा पाहिला तो दूरदर्शनवर, एका रविवारी संध्याकाळी, कारखान्याच्या वसाहतीतल्या ओळखीच्या घरी. दहा बाय बाराची खोली, तीत तीस-पस्तीस माणसे, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरे वेगळीच. हिंदी चित्रपट आणि एकही गाणे नाही, म्हणून बायका सुरुवातीला कुरकुरल्या. अर्ध्या तासाने कुणी खोकले तरी लोक मागे वळून पाहू लागले. शेवट झाला, दिवा लागला आणि पाळीवरून आलेले एक वयस्क गृहस्थ डबा उचलता उचलता म्हणाले, "छे, ही तर लबाडी झाली." सगळे हसले. मीही हसलो, कारण मलाही तेच वाटले होते. ती लबाडी होती की नव्हती, याचाच हा लेख आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी मला क्षमा करावी. रहस्य फोडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आरंभीच कालिदास नावाचा एक म्हातारा आरोपी न्यायाधीश बद्रीप्रसादांसमोर उभा आहे. गणपत नावाच्या माणसाच्या खुनाबद्दल त्याने पूर्वीच दीर्घ शिक्षा भोगलेली आहे. सुटून आल्यावर त्याला दिसते की गणपत जिवंत आहे; तेव्हा तो त्याला खरोखरच मारतो. आता त्याचा सवाल असा की, या खुनाची शिक्षा मी आगाऊ भोगून आलो आहे, ती दुसऱ्यांदा कशी देणार? जीवनने हे छोटेसे काम असे केले आहे की नारदाच्या भूमिकांतला तो जीवन हाच का, असे वाटावे. कालिदास उत्तराची वाट न पाहता पिंजऱ्यातच कोसळून मरतो. कायद्याचा जाणकार सांगेल की त्याच्या युक्तिवादात फारसा दम नाही: आपल्या घटनेच्या २० व्या कलमाने एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षेला मनाई केली आहे, पण दुसरा खून ही स्वतंत्र कृती ठरते आणि पहिली शिक्षा ही न्यायालयाची चूक ठरते. बरोबर आहे. पण गेलेली वर्षे कोणी परत करीत नाही, आणि म्हाताऱ्याने विचारले होते ते तेवढेच.

त्यानंतर न्यायाधीश मंडळींच्या गप्पांत पैज लागते, की माणूस खून करून कायद्याच्या हातून सुटू शकेल की नाही. इकडे बद्रीप्रसादांचा मुलगा (मेहमूद) एका सावकाराच्या कचाट्यात सापडलेला आहे. न्यायाधीशांचा भावी जावई कैलास (राजेंद्रकुमार) हा सरकारी वकील. भावी मेहुण्याचे प्रकरण मिटवावे म्हणून तो रात्री त्या सावकाराकडे, म्हणजे ओम प्रकाशकडे, जातो. तेवढ्यात बाहेर चाहूल लागते आणि येतात ते खुद्द बद्रीप्रसाद. संकोचाने कैलास आतल्या खोलीत दडतो. आणि तिथून तो पाहतो की ज्यांना आपण पित्याच्या ठिकाणी मानतो, ते न्यायमूर्ती सावकाराला सुरा भोसकून शांतपणे निघून जातात. कैलास सुन्न होऊन निसटतो. मागाहून काळिया नावाचा एक भुरटा चोर चोरीसाठी त्याच घरात शिरतो, प्रेत पाहून पळतो आणि पकडला जातो. खटला उभा राहतो बद्रीप्रसादांसमोर. कैलास सरकारी वकिली सोडून चोराचे वकीलपत्र घेतो.

मध्यंतराच्या सुमारासच प्रेक्षकाला खुनी ठाऊक झालेला आहे. म्हणजे 'कोणी' हा प्रश्न चोप्रांनी स्वतःच्या हाताने फेकून दिला. राहिले काय? राहिले ते कैलासचे ते दडून पाहणे. माझ्या मते या चित्रपटाची सगळी मोहिनी तिथे आहे, आणि या जातीच्या बहुतेक चांगल्या चित्रपटांची तिथेच असते. अंधारात बसलेले, कोणाच्या नजरेला न पडता दुसऱ्याच्या घरात डोकावणारे आपण आणि आतल्या खोलीतला कैलास यांच्यात फरक कसला? आपणही पाहिले आहे. न्यायाधीश उच्चासनावर बसतात, काळियाला प्रश्न विचारले जातात, आणि अख्खे थिएटर मनातल्या मनात साक्षीदार होऊन बसलेले असते. ओरडून सांगावेसे वाटते आणि सांगता येत नाही. ही घुसमट दुसऱ्या खेपेलाही कमी होत नाही, कारण ती माहितीच्या अभावातून आलेली नसते. आपल्याला माहिती जरा जास्तच झालेली असते.

या प्रकारच्या चित्रपटांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हे नाव फ्रेंचांनी दिले. युद्धाच्या काळात अमेरिकन चित्रपट फ्रान्समध्ये पोचत नव्हते. १९४६ साली ते एकदम आले तेव्हा नीनो फ्रांक या समीक्षकाला त्यांतला नवा काळोख जाणवला. त्यांतला मेरुमणी बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४). विम्याचा एजंट वॉल्टर नेफ आणि एक देखणी विवाहिता मिळून तिच्या नवऱ्याचा काटा काढतात, विम्याच्या दुप्पट रकमेसाठी. तिथेही खुनी लपवलेला नाही: आरंभीच जखमी नेफ रात्री कचेरीत येतो आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर सगळे कबूल करतो. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारख्या पडतात. पण मला त्यातला सर्वांत भयंकर प्रसंग खुनाचा वाटत नाही. नवऱ्याला मोटारीत मारल्यावर नेफ त्याच्या कुबड्या घेऊन आगगाडीत चढतो, म्हणजे मेलेला माणूस जिवंतपणी गाडीत होता असे दिसावे. गाडीच्या मागच्या सज्जात जॅक्सन नावाचा एक उतारू त्याच्याशी दोन शब्द बोलतो. पुढे या जॅक्सनला विमा कंपनीच्या कचेरीत बोलावतात. फोटो पाहून तो ठामपणे सांगतो, की मी पाहिला तो माणूस हा नव्हे. आणि खरा माणूस, नेफ, त्याच खोलीत उभा आहे. जॅक्सन त्याच्याकडे निरखून पाहतो. आपण कुठेतरी भेटलोय का, असेही त्याला वाटून जाते. पण ओळख पटत नाही. साक्षीदार खरा, नजर चांगली, हेतू शुद्ध, आणि आरोपी चार हातांवर. तरी काही उपयोग नाही.

हॉलिवुडच्या काळ्या चित्रपटातला माणूस स्वतःच्या हव्यासाने बुडतो. त्याला कोणी वाचवायला येत नाही आणि दिग्दर्शकही येत नाही. आपल्याकडे हा काळोख आला तो थेट न्यायालयात शिरला, आणि तिथे त्याने वेगळाच प्रश्न धरला: हा माणूस तो माणूस आहे काय? मी काही चित्रपटांचा इतिहासकार नाही, पण सालवारी मांडून पाहावी. १९६० साली 'कानून'. १९६२ साली आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच'. फिरता रंगमंच, समोर न्यायालय, आणि पिंजऱ्यात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे, निपाणीचा तंबाखूचा व्यापारी (योगायोगाने तोही सीमेवरचाच). एकेक साक्षीदार येऊन सांगतो की हाच तो, आणि हा थंडपणे म्हणतो की तो मी नव्हेच. १९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग', जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांचा. त्यावरून राज खोसलांनी १९६६ साली 'मेरा साया' केला, तो आमच्याकडच्या लोकांना जास्त ठाऊक. पत्नीच्या चितेला अग्नी देऊन आलेल्या वकिलापुढे तोच चेहरा घेऊन एक दरोडेखोर म्हणून पकडलेली बाई उभी राहते आणि भर न्यायालयात सांगते की मी तुमचीच बायको. चारपाच वर्षांत तीन-चार गाजलेल्या कलाकृती, सगळ्यांत न्यायालय, आणि सगळ्यांत चेहऱ्याचा वाद.

याचे कारण काय असावे? एक तर त्या काळी खटला हा लोकांचा आवडता विषय होता. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, आणि या सगळ्या काळात जनता 'ब्लिट्झ' साप्ताहिक हातात धरून कमांडरच्या बाजूने उभी होती. म्हणजे देखणा, सुशिक्षित, गणवेशातला सज्जन हातात पिस्तूल घेऊ शकतो, हे लोकांनी नुकतेच पाहिले होते, आणि त्याला माफही करून टाकले होते. पण मला यापेक्षा खोल कारण दिसते. आपल्याला सज्जनावर संशय घ्यायला आवडते, मात्र तो खरा ठरलेला चालत नाही. पडद्यावर दोन तास न्यायमूर्तींच्या चेहऱ्याकडे आपण खुनी म्हणून पाहतो, त्या भीतीची चव घेतो, आणि मग कोणीतरी आपला सज्जन आपल्याला धुऊन-पुसून परत करावा अशी आपली अपेक्षा असते. 'कानून'मध्ये नेमके हेच होते. कैलास भर न्यायालयात बद्रीप्रसादांकडे बोट दाखवतो, ते उच्चासनावरून उतरून आरोपी होतात. आणि शेवटी उघड होते की खुनी हा त्यांच्यासारखा हुबेहूब दिसणारा दुसराच माणूस. डबा उचलणारे गृहस्थ लबाडी म्हणाले ती ही.

त्यांचे म्हणणे रचनेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. रहस्यकथेचा करार असा असतो की शेवटी जे बाहेर काढायचे ते आधी कुठेतरी ठेवलेले हवे. मी इतक्या वेळा पाहूनही मला या दुसऱ्या माणसाची आधी पेरलेली खूण सापडलेली नाही. फार तर एवढे म्हणता येईल, की चोप्रांनी दिग्दर्शक म्हणून केलेल्या पहिल्याच चित्रपटात, 'अफसाना'त (१९५१), अशोककुमारनाच जुळ्या भावांचे काम दिले होते. तो पाहिलेल्या प्रेक्षकाने सावध राहायला हरकत नव्हती. पण आधीचा चित्रपट हा काही पुरावा होत नाही.

आणि तरीही तो चेहरा अशोककुमारचा होता हे विसरून चालत नाही. आम्ही निमाडची माणसे त्यांना घरचे मानतो: जन्म भागलपूरचा, पण वडील कुंजलाल गांगुली यांची वकिली खंडव्याची आणि वाढले ते खंडव्यातच. मुलाने वकील व्हावे म्हणून त्याला कायदा शिकायला धाडले होते. तो शिक्षण सोडून मुंबईला बाँबे टॉकीजमध्ये पोचला, तोही प्रयोगशाळेत काम करायला. 'किस्मत'मध्ये (१९४३) त्याने चोराला नायक करून दाखवले. म्हणजे ज्याने वकील व्हायचे तो चोर होऊन गाजला आणि सतरा वर्षांनी न्यायाधीश होऊन आला. बद्रीप्रसादांच्या कामात अशोककुमारांनी अमुक एक केले असे बोट ठेवून दाखवता येत नाही. ते फार काही करतच नाहीत. घरात मुलीशी बोलतात, चिरूट-सिगारेट हाताळावी तशा सहजतेने वाक्ये हाताळतात, न्यायासनावर बसून ऐकतात. आपल्याला खून माहीत आहे म्हणून त्या साध्या ऐकण्यातही काहीतरी दडलेले दिसू लागते. तेच स्मित पहिल्या अर्ध्यात प्रेमळ वाटते आणि दुसऱ्या अर्ध्यात अंगावर येते. स्मितात बदल नाही, बदल आपल्या नजरेत. खुनी न्यायाधीश आपण बसल्या जागी तयार केलेला असतो.

गाणी नसण्याचा फायदा इथे कळतो. गाण्याविना हिंदी चित्रपट ही त्या वेळी केवळ नवलाई नव्हती, के. ए. अब्बास यांचा 'मुन्ना' १९५४ साली तसाच येऊन गेला होता. पण खूनकथेत गाणे म्हणजे संशयाला सुट्टी. नायक बागेत गाऊ लागला की आपण प्रेताला विसरतो. 'कानून'मध्ये अशी सुट्टी जवळजवळ मिळत नाही.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. बद्रीप्रसादांची मुलगी मीना झाली आहे नंदा, मास्टर विनायकांची कन्या. संपूर्ण चित्रपटभर ती निरागस, बापावर विश्वास ठेवणारी. नऊ वर्षांनी, १९६९ मध्ये, याच चोप्रांच्या संस्थेने यश चोप्रांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा एक बिनगाण्यांचा रहस्यपट काढला, 'इत्तेफाक', आणि त्यात हीच निरागस नंदा खुनात सामील निघाली. तिला कोणी हुबेहूब दिसणारी बहीण दिली नाही. प्रेक्षकांनीही ते बिनतक्रार पचवले. न्यायमूर्तींसाठी दुसरा चेहरा शोधून आणावा लागतो, गृहिणीसाठी लागत नाही. हॉलिवुडच्या काळ्या चित्रपटांतही पापाचे माप बाईच्याच पदरात जरा जास्त पडते, तेव्हा ही खोड एकट्या मुंबईची म्हणता येणार नाही.

इथपर्यंतचे माझे मत मी बरीच वर्षे असेच मांडत आलो: चित्रपट थोर, शेवट भित्रा. बुऱ्हाणपूरला एका व्याख्यानात मी हे फार ठसक्यात सांगितले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या. त्या मतात जी फट पडली ती कुठल्या पुस्तकाने पाडली नाही, म्हणून थोडे स्वतःचे सांगणे भाग आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका दुसऱ्या शाळेत होतो. थंडीचे दिवस, सकाळची शाळा, अजून पुरते उजाडलेले नाही. कार्यालयातल्या टेबलाच्या खणातून परीक्षा शुल्काचे पैसे गेले. मी त्या सकाळी आठवीतल्या एका मुलाला कार्यालयातून बाहेर पडून कोपऱ्यावरून वळताना पाहिले होते. हिरवा स्वेटर, कोपरावर काळ्या लोकरीचे ठिगळ. मला विचारले तेव्हा मी सांगितले, मी डोळ्यांनी पाहिले. शिक्षकाच्या शब्दावर आणखी पुरावा कोण मागतो? मुलाचा बाप हमाली करणारा. तो हात जोडून उभा राहिला. मुलगा एकदाच म्हणाला, "सर, मी नव्हतो." पुन्हा म्हणाला नाही. त्याचे नाव काढून दाखला हातात दिला गेला.

दोन-अडीच महिन्यांनी बाजारात माझ्यापुढून तोच स्वेटर चालला होता. तेच ठिगळ, तीच मान किंचित डावीकडे टाकून चालण्याची ढब. मी हाक मारली. वळला तो त्याचा धाकटा भाऊ. दोघा भावांत मिळून तो एक स्वेटर होता; ज्याला आधी बाहेर पडायचे तो घाली. आता, पैसे या धाकट्याने घेतले होते असेही मी म्हणणार नाही. कार्यालयात तो डस्टर न्यायला आला असेल, खडू न्यायला आला असेल. मी पाहिले होते ते एवढेच: एक स्वेटर आणि एक पाठ. चेहरा मी मागाहून बसवला होता, आणि बसवताना तो बसवलेला आहे हे मला कळलेही नव्हते. खोटे बोललो असतो तर निदान ते माझे मला ठाऊक असते.

त्यानंतर 'कानून' पाहिला तेव्हा शेवट वेगळा दिसला. तो दुसरा माणूस येतो तेव्हा आजवर मी बद्रीप्रसादांकडे पाहत असे. सुटले बिचारे, असे वाटे. त्या खेपेला मी कैलासकडे पाहिले. हा प्रामाणिक, बुद्धिमान, कायदा जाणणारा माणूस. त्याने काही हातांच्या अंतरावरून पाहिलेले आहे, त्याला खोटे बोलण्याचे काहीही कारण नाही, उलट खरे बोलण्याने त्याचे लग्न मोडणार आहे. याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार? आणि त्याच्या साक्षीवर एक निरपराध माणूस फासावर गेला असता. चोप्रांना देहान्ताच्या शिक्षेविरुद्ध बोलायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी लबाड साक्षीदार निवडला नाही, उत्तम साक्षीदार निवडला. त्या दृष्टीने पाहता हुबेहूब चेहऱ्याची युक्ती गरजेची होती: आपण स्वतः पाहिलेले, थिएटरातल्या शेकडो माणसांनी एकाच वेळी पाहिलेले, चूक निघायला हवे होते. तसे निघाल्याशिवाय आपण दुसऱ्या कुणाच्या नजरेवर संशय घेऊ, स्वतःच्या नजरेवर कधी घेणार नाही. नंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशी देताना खास कारणे नोंदवणे न्यायाधीशावर बंधनकारक केले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात विरळातल्या विरळ प्रकरणापुरतीच ती ठेवली. चित्रपटाने कायदा बदलला असा दावा मी करीत नाही. पण ज्या शंकेने कायद्याचा हात आखडतो, ती शंका 'कानून'ने तिकिटाच्या पैशांत लोकांच्या हाती दिली होती.

शेवट रचनेच्या दृष्टीने लंगडा आहे, हे माझे मत तरी बदललेले नाही. आणि सज्जनाला सोडवून नेण्याची आपली हौस त्यात आहे, हेही मी मागे घेत नाही. दोन्ही आक्षेप ठेवून मी तो पाहतो.

मात्र हल्ली माझे लक्ष राहते ते काळियावर. नाना पळशीकरांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मराठी नटाने हिंदीत मिळवलेल्या मानाची आपण वर्तमानपत्री कौतुके करतो तेव्हा हे काम सहसा आठवत नाही. काळिया चोर आहे, आणि तो ते नाकारीत नाही. खुनी नाही, एवढेच त्याचे म्हणणे. पळशीकरांनी त्याला दयेचा विषय होऊ दिलेले नाही. पिंजऱ्यात उभा असतानाही त्याच्या अंगात भुरट्या चोराचा ओशाळेपणा आहे, आपण इथे इतक्या मोठ्या माणसांचा वेळ घेतो आहोत असा. बद्रीप्रसाद निर्दोष ठरावेत म्हणून न्यायालयापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे राबतात. काळियावर संशय घ्यायला मात्र कुणालाही हुबेहूब चेहरा लागत नाही, त्याचा स्वतःचाच पुरतो. त्याच्यासाठी एक कैलास उभा राहिला. त्या स्वेटरवाल्या मुलासाठी उभे राहण्याची पाळी माझी होती. बाजारातून परतल्यावर मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगायला हवे होते. वार्षिक तपासणी तोंडावर आली होती, प्रकरण मिटलेले होते, आणि नवा शिक्षक म्हणून माझ्या शब्दाला नुकते कुठे वजन आले होते. मी गेलो नाही. पुढे त्या कुटुंबाचा शोध घेतला तेव्हा ते गाव सोडून गेलेले होते.

गेल्या काही वर्षांपासून दहावीच्या मुलांना परीक्षेच्या आधी मी 'कानून' दाखवतो, शाळेच्या संगणकावर, दोन-तीन तासांत तुकडे करून. (अभ्यासक्रमात तो नाही, पालकांची तक्रार अजून आलेली नाही.) खुनाचा प्रसंग झाला की थांबवतो आणि विचारतो, खुनी कोण? सगळे हात वर येतात. सगळ्यांनी पाहिलेले असते. यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला नाही. तिला खुनी कोण यात रस नव्हता. काळियाला पकडतात तिथपर्यंत मी पुढे दाखवले तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या वकिलाने सगळं पाहिलं होतं ना? मग तो पहिल्याच दिवशी जाऊन का नाही बोलला?"

तास संपायला अजून दहा मिनिटे होती. मी चित्रपट पुढे चालू केला.